'झाले' आणि 'केले'

काम बिघडविण्याच्या क्रियेसाठी इंग्रजीने मोठी सुटसुटीत सोय केली आहे. साध्या शब्दास 'अप' हे इवलेसे अव्यय जोडले की 'मेस अप', 'फाउल अप', 'स्लिप अप' अशी प्रजा हवी तितकी निपजते. हेच 'अप' 'क्लीन अप'मध्येही येते. घाण असो वा सफाई, ती पुरती व्हावी एवढाच त्याचा आग्रह!

आमची मराठीही या बाबतीत दरिद्री नाही. विचका, चुथडा, बोजवारा, बट्ट्याबोळ, खेळखंडोबा हे शब्द तर आहेतच. शिवाय १७६१ सालच्या पराभवाने 'पानिपत' दिले. परंतु या नामांपुढे 'करणे' लावावे की 'होणे', यातच सारी मेख आहे. महाडच्या कारखान्यांलगत असलेल्या बिरवाडीत तरुणांच्या तोंडी इंग्रजी शब्द सहज येतात. पण तेही म्हणतात, 'सगळे मेस अप झाले!' इंग्रजीतही कर्ता लपविता येतो. मराठीत मात्र त्याला लपण्यास घरचीच जागा आहे.

स्वयंपाकघरातच पाहा. सासूबाईंच्या हातचे दूध 'नासते', सूनबाई ते 'नासविते'. आपल्या हातून कपबशी 'फुटते', गडी ती 'फोडतो'. आपल्याकडून चूक 'होते', शेजारी ती 'करतो'. व्याकरण तेच, न्याय मात्र दोन!

घरात ही लबाडी गोड वाटते. सार्वजनिक कामांत ती महाग पडते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिश अमदानीतील पूल कोसळला आणि दोन एस. टी. गाड्या उतारूंसह पुरात गेल्या. 'पूल वाहून गेला,' असे जो तो म्हणाला. ते खोटे नव्हते. नदीला पूर होताच. पण जुन्या पुलाची पाहणी करणे आणि संशय येताच तो बंद करणे, ही कामे आपोआप होत नसतात. ती कोणी तरी करावयाची असतात. 'वाहून गेला' या दोन शब्दांत ती माणसे कोठेच दिसत नाहीत.

दुःखाच्या प्रसंगी 'झाले' म्हणण्यात सांत्वन आहे, हे आम्ही जाणतो. तो शब्द भाषेतून घालवावा असे आमचे म्हणणे नाही. मात्र तो शेजाऱ्यासाठी थोडा अधिक आणि स्वतःसाठी थोडा कमी वापरावा, एवढीच आमची विनंती आहे.