पऱ्हाटीची पानं भेंडीसारखी झाली तेव्हा

आज फवारणीचं आणि मनाचं, दोन्ही एकाच पोस्टमध्ये लिहितो. कारण माझ्या वावरात दोन्ही एकाच दिवशी बिघडलं.

ऑगस्टचा पहिला आठवडा, पऱ्हाटी पन्नासेक दिवसांची. सकाळी गेलो तर शेंड्याची पानं अरुंद, लांबट, बोटासारखी फाटलेली. थेट भेंडीची पानं! हे टू-फोर-डी तणनाशकाचं काम, लगेच कळलं. कापूस या औषधाला फार नाजूक. वाऱ्यानं उडालेले तुषारही त्याला पुरतात. अन् शेजाऱ्यानं आठ दिवसांआधीच धुऱ्यावर तणनाशक मारलं होतं.

झालं, डोकं तापलं. चहाच्या टपरीवर चार लोकांसमोर बोलून बसलो, "त्यानं माह्या पऱ्हाटीची वाट लावली. आता तहसीलमधीच भेटतो त्याले."

दोन वर्षांआधी मी नागपूरला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं. बुद्धाची ही साधना ब्रह्मदेशात टिकून होती. सत्यनारायण गोयंका गुरुजींनी 1969 मध्ये ती भारतात परत आणली, पुढे इगतपुरीला धम्मगिरी उभं राहिलं. शिबिराला फी नाही. पहाटे चारला घंटा, मोबाईल जमा, बोलणं बंद. पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा. चौथ्या दिवसापासून अंगावर जे जाणवते ते बघायचं. चांगलं वाटलं म्हणून धरायचं नाही, वाईट वाटलं म्हणून ढकलायचं नाही. खरं सांगतो, घरी मी रोज बसत नाही. वेचणीच्या दिवसात तर नाहीच.

त्या दिवशी मात्र वावरात येऊन निंबाखाली बसलो. छाती गरम, जबडा आवळलेला, श्वास आखूड. ते बघत राहिलो. अर्ध्या तासात राग गेला नाही, पण त्याची पकड ढिली झाली. तेव्हा सुचलं, बाप्पा, आपण अजून पूर्ण वावर पाहिलंच नाही!

उठून तास न् तास फिरलो. शेजाऱ्याचं औषध उडालं असतं तर धुऱ्याजवळ नुकसान जास्त अन् आत कमी दिसलं असतं. माझ्याकडे उलट. धुऱ्याची तासं हिरवीगार. मधली आठ-दहा तासं गेलेली, पुढे कमी होत होत बंद. तुडतुड्याच्या फवारणीचा पहिला पंप मी तिथूनच सुरू केला होता. मग आठवलं. जूनमध्ये गोठ्यामागचं गाजरगवत मी याच पंपानं मारलं होतं. धुतला तो कसा? एकदा पाणी खळबळून फेकलं, बस.

बुद्धानं दोन बाणांचं उदाहरण दिलं आहे. पहिला बाण लागतो त्याचं दुखणं वेगळं. त्यावर चिडून, कुढून दुसरा बाण माणूस स्वतःच मारून घेतो. माझे तर दोन्ही बाण माझेच निघाले.

संध्याकाळी शेजाऱ्याकडे गेलो, पंपाचं सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुम्ही टपरीवर काय बोलले ते मले दुपारीच समजलं. बसा जी, चहा घ्या." दुसऱ्या दिवशी टपरीवर त्याच लोकांसमोर माझी चूक बोललो. दहा दिवस मांडी घालून बसण्यापेक्षा ते जड गेलं.

पिकाचं म्हणाल तर वाकडे शेंडे खुडले, दहा लिटर पाण्यात 150 ग्रॅम युरिया घेऊन फवारा दिला. नवीन पानं सरळ आली, पण त्या तासांना बोंडं उशिरा अन् कमी लागली.

आता तणनाशकाचा पंप वेगळा ठेवला, त्यावर लाल रंगानं खूण केली. ज्याच्याकडे एकच पंप असेल त्यानं टाकी, नळी, नोझल धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं नीट दोन-तीन वेळा धुवावं. तरी टू-फोर-डी मारलेला पंप कापसाला न लावणंच बरं.

डोळे मिटून बसल्यानं हिंगणघाटच्या मार्केटात भाव वाढत नाही, कापसातला ओलावाही कमी होत नाही. पण पानं वाकडी दिसली तर शेजाऱ्याचं नाव घ्यायच्या आधी पूर्ण वावर फिरून पाहा. अन् आपला पंपही पाहा.

तुमच्याकडे असं झालं असेल तर कमेंटमध्ये सांगा.