आईचा बंब

आमच्या आईची एक तक्रार आम्ही वर्षभर हसण्यावारी नेली. पोलादपूरच्या घरी, वाडीच्या अगदी शेवटच्या खांबापाशी, तिला आम्ही विजेचा बंब बसवून दिला होता. "अरे, संध्याकाळी ह्यात पाणी तापतच नाही, तांब्याचा बंब बरा होता," असे ती म्हणे. बंबावर २३० व्होल्ट, २००० वॅट असे स्पष्ट छापलेले. आणि महाडास पदार्थविज्ञान शिकविण्यात आमचा जन्म गेलेला! छापील अक्षरापुढे आईचा शब्द तो काय?

गेल्या पावसाळ्यात मापक घेऊन गेलो. तिन्हीसांजेस बंब चालू असता दाब भरला १८० व्होल्ट, प्रवाह ६.८ अँपिअर. दाबास प्रवाहाने भागले. रोध सुमारे २६.५ ओहम. २३० च्या वर्गास २००० ने भागले तरी तेवढाच येतो. म्हणजे बंब निर्दोष! मग दाबास प्रवाहाने गुणले, तो अवघे १२२४ वॅट. लांबच्या तारेत दाब झिजला, त्यासरशी प्रवाहही उतरला. आणि शक्ती तर त्या दोहोंचा गुणाकार. दहा मिनिटांच्या कामास सोळा मिनिटे लागणारच.

ओहमने आपला नियम १८२७ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यास कोप्ले पदक दिले ते १८४१ मध्ये. विद्वानांस चौदा वर्षे लागली, आम्हांस एकच, एवढेच आमचे समाधान.

आईस आकडे दाखविले. ती म्हणाली, "मी तेच सांगत होते. बादलीत एकदा हात बुडवून पाहायचास."