दादाच्या वह्या आणि वहिनीचा हरभरा

परवा वहिनीचा फोन आला. "ताई, सूनबाई छाटणीच्या चर्चासत्राला चाललीय. आपली ती वही देऊ का तिच्याजवळ?" मी म्हटलं, "दे की. त्यासाठीच तर लिहिली." फोन ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. ती वही कशी सुरू झाली हे आमच्या घरातल्याही सगळ्यांना माहीत नाही. भाचरं-पुतणी हा ब्लॉग वाचतात, म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकावं. त्यात माझी एक मोठी चूक आहे, पण या वयात ती लपवून काय करायचंय!

ज्यांनी दादाला पाहिलंय त्यांना त्याचं द्राक्षाचं वेड ठाऊक आहे. निफाड तालुक्यातल्या आमच्या अडीच एकरात त्याने १९८६ साली थॉमसन सीडलेस लावली, आणि तेव्हापासून घरात कॅलेंडर दोन झाली. एक भिंतीवरचं आणि दुसरं छाटणीचं. द्राक्षवाल्यांकडे तारीख विचारायची पद्धत नाही. छाटणीपासूनचे दिवस मोजतात. "बाग आज ४५ दिवसांची आहे" असं सांगतात, घरात बाळंतपण झाल्यासारखं. वर्षाला छाटण्या दोन. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते. ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी, तिच्यातून घड येतात.

या दोन्ही छाटण्यांच्या आधी जागोजागी चर्चासत्रं भरतात. मंगल कार्यालयात, बाजार समितीच्या हॉलमध्ये, कधी एखाद्याच्या बागेतच मांडव घालून. मला वाटतं, आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या पिकाचे शेतकरी इतक्या शिस्तीने शाळेत बसत नसतील. द्राक्ष बागायतदार संघ १९६० सालचा, त्याचं 'द्राक्षवृत्त' मासिक दादाकडे यायचं. १९९७ साली पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र झालं, तेव्हा तिथले शास्त्रज्ञही बोलायला येऊ लागले. आधी सगळा भर मणी मोठा कसा करायचा यावर असे. पण २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला, माल अडकला, आणि मग कुठलं औषध काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं हा विषय पहिल्या नंबरला आला.

दादा एकही चर्चासत्र चुकवायचा नाही. पांढरी पँट, खिशाला पेन, हातात दोनशे पानी वही. अशा २३ वह्या त्याने भरल्या. मी नाशिकहून दिवाळीला गेले की तो त्या कौतुकाने दाखवायचा. मीही मास्तरीण, त्यामुळे अक्षर छान आहे एवढं म्हणायची आणि फराळाला लागायची.

जुलै २०११ मध्ये दादा गेला. झोपेतच. तेराव्यानंतर अंगणात बैठक बसली. सगळ्यांचं म्हणणं एकच, बाग करारानं देऊन टाका. पुतण्या पुण्याला नोकरीत, सोसायटीचं कर्ज डोक्यावर, आणि "बाईमाणसाला द्राक्षं झेपायची नाहीत." वहिनी चहाचे कप गोळा करत होती. ती एवढंच म्हणाली, "एक साल मी करून बघते." मी तीन वर्षांपूर्वीच रिटायर झाले होते. मलाही एकटीला नाशिकमध्ये करमत नव्हतं. मी राहिले तिच्याजवळ.

पहिलं काम म्हणजे दादाच्या वह्या उघडल्या. आणि कपाळाला हात लावला! सगळं त्याच्या स्वतःच्या सांकेतिक भाषेत. 'जी.ए. १/१००', 'सी.सी.सी. ३ पान', '६ बी.ए. डि. २'. पंचवीस वर्षं ज्या बाईने त्या बागेत विरळणी केली, घड बुडवले, मजूर सांभाळले, तिला यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "ते सकाळी कागद द्यायचे गड्याच्या हातात. त्यानं कालवायचं, आम्ही बुडवायचं." ऐकून मला वाईट वाटलं, आणि थोडी लाजही वाटली. मी तरी कधी विचारलं होतं?

सप्टेंबरात चर्चासत्र होतं. आम्ही दोघी गेलो. हॉलमध्ये तीनेकशे खुर्च्या, आणि बायका आम्ही दोघीच. दारावरचा मुलगा म्हणाला, "मावशी, स्वयंपाक मागच्या बाजूला आहे." त्याला वाटलं आम्ही जेवणाच्या कामाला आलोय. मी त्याला वर्गात बघायचे तसं बघितलं. तो बाजूला झाला.

व्याख्याते चांगले होते, अभ्यासू होते. पण पडद्यावर इंग्रजी शब्दांचा पाऊस. कॅनोपी, पीपीएम, पीएचआय. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं, निम्मं डोक्यावरून गेलं. वहिनी मात्र शांतपणे ऐकत होती. त्यांनी सांगितलं की घड संजीवकात बुडवायचे ते मणी तीन ते चार मिलिमीटरचा झाला की, आणि पुन्हा सहा ते आठ मिलिमीटरचा झाला की. प्रश्नांची वेळ आली आणि वहिनी उभी राहिली. मी तिचा पदर ओढणार होते, भीतीने!

"साहेब, आमच्याकडं बुडवायला बाया असतात. त्यांच्याजवळ पट्टी नसते. तीन-चार म्हणजे ज्वारीएवढा का? आणि सहा-आठ म्हणजे हरभरा?"

हॉलमध्ये हशा झाला. पण साहेब हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर. ज्वारी, आणि मग बारीक हरभरा." वहिनी बसलीच नाही. "पण एका घडात सगळे मणी सारखे नसतात. वरचे आधी फुगतात, शेंड्याचे मागं राहतात. कोणता मणी बघायचा?" साहेब जरा थांबले. मग त्यांनीच तिला विचारलं, "तुम्ही कोणता बघता?" ती म्हणाली, "मी घडाच्या मधला बघते, आणि चार ओळींतले बघते." त्यांनी मान हलवली आणि टेबलावरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. आता कुणी हसत नव्हतं. आमच्या पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांनीही लिहून घेतलं.

घरी येताना एसटीत ती म्हणाली, "ताई, मला तर सगळं येतंय. फक्त त्यांचे आकडे येत नाहीत." मी म्हटलं, आकडे माझ्याकडे लागले.

मग रात्री ओट्याजवळ बसून माझी शिकवणी सुरू झाली. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक. एक लिटर पाण्यात दहा लाख मिलिग्रॅम. म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम टाकलं की एक पीपीएम. दादाचं 'जी.ए. १/१००' म्हणजे १०० लिटरला १ ग्रॅम जिब्रेलिक, म्हणजेच १० पीपीएम! ते कोडं सुटलं तेव्हा मला बोर्डात नंबर आल्यासारखं झालं. ती पावडर नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही, आधी ॲसिटोनमध्ये विरघळवावी लागते, हे वहिनीला माहीत होतं, कारण त्या वासाने तिचं डोकं दुखायचं. मी रोज सकाळी सुवाच्य अक्षरात कागद लिहून गड्याकडे देऊ लागले. अगदी दादासारखा.

बाग ५२ दिवसांची झाली आणि पहिल्या बुडवणीचा दिवस आला. ४० पीपीएम करायचं होतं. आमचं पिंप २०० लिटरचं, म्हणून मी कागदावर '८ ग्रॅम' लिहिलं. हिशेब बरोबर होता, आजही बरोबर आहे. पण विहिरीकडच्या बाजूला पिंप १०० लिटरचं होतं, ते मी कधी पाहिलंच नव्हतं. कागदावर मी पिंपाचं माप लिहिलं नाही, नुसते ग्रॅम लिहिले. गड्याने जे लिहिलं होतं ते टाकलं. त्या बाजूच्या घडांना दुप्पट मात्रा बसली.

लगेच काही दिसलं नाही. नंतर त्या घडांचे देठ जाड होऊ लागले, काडीसारखे कडक. काढणीच्या वेळी व्यापाऱ्याने घड हातात घेतला, जरा हलवला, चार-पाच मणी गळून पडले. तो काही न बोलता पुढच्या ओळीत गेला. विहिरीकडच्या चार ओळी शेवटी मिळेल त्या भावात गेल्या. बाकीच्या बागेने कर्जाचा हप्ता भरला, म्हणून निभावलं.

त्या रात्री मी वहिनीला सांगितलं की ही चूक गड्याची नाही, माझी आहे. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "चार ओळी गेल्या. बाग नाही गेली." आणि मग जरा वेळाने, "यांचीबी गेली होती की एकदा. दोन औषधं एकत्र कालवली, पूर्वेकडची सगळी पानं जळाली. आठ दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत."

मी उठून दादाच्या वह्या काढल्या. ते साल शोधलं. त्या पानावर चर्चासत्राच्या नोंदी होत्या, दुसऱ्या कुणीतरी विक्रमी उत्पन्न काढलं त्याच्या औषधांचं सगळं वेळापत्रक होतं. जळालेल्या पानांबद्दल एक ओळसुद्धा नाही. मग मी सगळ्याच वह्या चाळल्या. २३ वह्यांत माझ्या हुशार भावाने स्वतःची एकही चूक लिहिलेली नव्हती. मंडळी, मला त्याचा राग नाही आला. मला माझा वर्ग आठवला. तांबड्या पेनाने मी आयुष्यभर चुकांभोवती गोल केले. मुलं चूक खोडून, वर कागद चिकटवून वही पुढं करायची. चूक झाकायला आम्हीच शिकवतो, आणि मग माणसं आयुष्यभर झाकत राहतात.

पुढच्या सप्टेंबरात आम्ही पुन्हा चर्चासत्राला गेलो. त्या वेळी एका बागायतदाराचा सत्कार झाला, त्याने आपल्या यशाची गोष्ट सांगितली. टाळ्या झाल्या. "कुणाला काही विचारायचंय?" म्हटल्यावर मी उभी राहिले. हात थरथरत होते. छत्तीस वर्षं वर्गावर उभी राहिलेली बाई मी! म्हटलं, "मला विचारायचं नाही, सांगायचंय." आणि पिंपाची सगळी हकिकत सांगितली.

क्षणभर कुणीच काही बोललं नाही. मला वाटलं, उगाच हसं करून घेतलं. मग मागून एक आजोबा उठले. म्हणाले, तणनाशकाचा पंप नीट न धुता त्यांनी बागेत फवारणी केली होती, आणि घरात मुलाला सांगितलं होतं की औषध बनावट निघालं. एका तरुणाने सांगितलं, शेजाऱ्याने छाटली म्हणून त्यानेही घाईत बाग छाटली, काडी पिकलीच नव्हती. तिसरा म्हणाला, "बाई, आम्ही आता पिंपावरच ऑइलपेंटनं लिटर लिहून ठेवलेत." व्याख्याते व्यासपीठावरून उतरून पहिल्या रांगेत खुर्ची उलटी करून बसले होते. जेवणाची वेळ टळून गेली, आचारी दोनदा डोकावून गेला. त्या तासाभरात मी जेवढं शिकले, तेवढं आधीच्या पडद्यावरच्या चित्रांतून शिकले नव्हते.

घरी आल्यावर नवी वही केली. नियम एकच, आधी चूक लिहायची, मग उपाय. पहिली पाच पानं दादाच्या चुकांची आहेत. त्या वहिनीने सांगितल्या आणि मी लिहिल्या. कुठल्या साली काय जळालं, कुठल्या साली पावसात केवडा आला आणि फवारणीला दोन दिवस उशीर झाला, सगळं तिच्या डोक्यात होतं. सहाव्या पानावर माझं पिंप.

असो. वहिनी आता त्र्याहत्तर वर्षांची आहे, गुडघे धरलेत. चर्चासत्रं मोबाइलवर घरबसल्या दिसतात, व्हॉट्सॲपवर रोज दहा सल्ले येतात. पुतण्या गावी परतला, पण बागेचं वेड त्याच्यापेक्षा सूनबाईलाच जास्त. २०२५ साली मे महिन्यापासूनच पाऊस लागला, काडीला ऊन मिळालं नाही, आणि छाटणीनंतर आमच्या बागेत कित्येक वेलींना घडच दिसेनात. त्या साली काय करायला हवं होतं आणि काय केलं, याची तीन पानं तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलीत. अक्षर काही दादासारखं नाही. शुद्धलेखनही जेमतेम.

मी तांबडा पेन लावलेला नाही. फोनवर तिला एवढंच म्हटलं, "पुढच्या रांगेत बस. आणि जेवायच्या आधी ऊठ, नंतर माणसं थांबत नाहीत."