दाभोळच्या खाडीत गरवायला जाताना

दाभोळच्या जेटीवर उभे राहिले की वाशिष्ठीचे रुंद पात्र दिसते. पलीकडे धोपावे, तिकडे गाड्या-माणसे घेऊन फेरीबोट ये-जा करते. मुखाशी अंजनवेलचा गोपाळगड, तर जेटीजवळ जुनी शाही मशीद. आदिलशाहीच्या काळात या बंदरातून हजला जाणारी जहाजे सुटत. आता मुंबईहून नि आखातातून सुट्टीवर आलेली आमची मुले इथे लहान होडी काढून गरवायला जातात. सामान कोणते घ्यावे, हा प्रश्न घरोघरी असतो. यंदा आम्ही भाच्याला पहिले सामान घेऊन दिले, त्याचा हिशेब इथे देत आहोत.

पहिली गोष्ट, होडी लहान असते. दोघे-तिघे बसल्यावर दहा फुटी काठी फिरवायला जागाच उरत नाही. साडेसहा-सात फुटांची, मध्यम ताकदीची काठी पुरते. तिला 3000 किंवा 4000 नंबरचे स्पिनिंग रीळ लावावे. रिळावर 20 पौंडांची विणलेली दोरी आणि तिच्या टोकाला दोन-तीन फूट 40 पौंडांची जाड नायलॉन. हा तुकडा टाळू नये. जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते, आणि तांबोशी गळाला लागली की तिवरांच्या मुळांत घुसते; बारीक दोरी तिथे टिकत नाही.

नकली माशांवर सुरुवातीला फार पैसे घालू नयेत. बोटाएवढा एक बुडणारा मासा आणि जिग हेडसह दोन-चार रबरी मासे पुरेत. बाकी काम जिवंत कोळंबी करते. तिच्यासाठी 1/0 ते 3/0 मापाचे मजबूत गळ घ्यावेत.

शिशाचे वजन मात्र दुकानात ठरत नाही. आमच्या होडीवाल्या चाचांची काठी नाही, रीळ नाही. बोटावर दोरी धरून ते आजही मासे काढतात. भाच्याला ते म्हणाले, “बेटा, पाणी किती ओढतंय ते आधी बघ, मग शिसं बांध.” उधाणाला ओढ जोराची असते, 50-60 ग्रॅमचे शिसेही वाहून जाते. भांगाला 20 ग्रॅमवर काम होते. उधाण-भांग ओळखायला आपल्या घरातले इस्लामी कॅलेंडर पुरते. महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आणि पंधराव्या-सोळाव्या चंद्राच्या आसपास उधाण, आठव्या-नवव्या आणि तेविसाव्या-चोविसाव्याच्या सुमारास भांग. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटे पुढे सरकते. शिकणाऱ्याने भांगाचे दिवस धरावेत. होडीही शांत राहते.

काठीच्या पैशांतून थोडे वाचवून लाइफ जॅकेट घ्यावे, प्रत्येकाला एक. पोहता येणाऱ्यानेही ते घालावे, कारण सुकतीचे पाणी मुखाकडे ओढते आणि तिथे लाटा फुटतात. सोबत नांगर, जादा वल्हे, पक्कड आणि हातजाळे असावे. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना विषारी काटे असतात. त्याला हाताने धरू नये, गळ पकडीनेच सोडवावा. पावसाळ्यात तर लहान होडी काढूच नये.

घरी आल्यावर काठी, रीळ, गळ गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावेत. खारे पाणी महागडे रीळही एका हंगामात गंजवते.

भाच्याने चार दिवस चाचांबरोबर दोरीच धरली. मासा कोळंबी चाखतो कसा आणि ओढतो कसा, हे बोटाला कळल्यावर पाचव्या दिवशी काठी हातात घेतली. त्या दिवशी दोन तांबोश्या मिळाल्या. एक चाचांच्या घरी गेली, दुसरीचे कालवण आमच्याकडे झाले. हाताएवढी नसलेली बाकीची पिल्ले त्याने पाण्यात सोडली होती.