तुकडेजोड

महसूल खात्याच्या दप्तरात ज्याने नोकरीची सारी वर्षे काढली, सातबाऱ्यावरील मयताचे नाव कमी करून वारसांची नावे दाखल करणे, वाटणीच्या अर्जांवर शेरे मारणे आणि वीतभर बांधासाठी सख्ख्या भावांनी एकमेकांविरुद्ध दिलेले तक्रारअर्ज तारीखवार लावून ठेवणे हाच ज्याचा नित्यधर्म होता, त्या माझ्यासारख्या कारकुनाने सेवानिवृत्तीनंतर चिंध्या गोळा करण्याचा उद्योग आरंभावा, याचे जुन्या नाशकातील आमच्या वाड्यातल्या मंडळींना प्रथम नवल वाटले आणि पुढे त्यांची चांगलीच करमणूक झाली. त्यांचे हसणे मला गैर वाटत नव्हते; कारण 1947 साली मुंबई प्रांतात झालेला तुकडेबंदीचा कायदा, म्हणजे ठरवून दिलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान असा जमिनीचा तुकडा पाडू नये हा निर्बंध, मी असंख्य अर्जदारांना तोंडपाठ ऐकवला होता, आणि आता तोच मी तळमजल्यावरच्या शिंप्याच्या यंत्राखाली पडलेली बोटभर रुंदीची कातरणे पोत्यात भरून जिना चढत होतो.

या नादाला मला लावले ते माझ्या भाचीने. ती अमेरिकेत असते. दिवाळीला आली असता शिंप्याच्या दाराशी पडलेला तो रंगीत ढीग पाहून ती थबकली आणि म्हणाली, ‘‘मामा, हे टाकून देतात? तिकडच्या बायका यावर जीव टाकतील.’’ अलाबामा संस्थानातील जीज बेंड नावाच्या नदीकाठच्या वस्तीत, गुलामगिरीत राबलेल्यांच्या वंशातील कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या कपड्यांच्या धडुत्यांतून थंडीपुरती शिवलेली पांघरुणे 2002 साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात चित्रांसारखी भिंतीवर लावण्यात आली, ही हकिकत तिने मला सांगितली, आणि बाजूला धूळ खात पडलेले आमच्या घरचे पायमशीन पुसून तेलपाणी करून त्याच संध्याकाळी मला धडाही दिला.

कृती सोपी, परंतु शिस्तीची आहे. 9 इंच बाजूचा कागदाचा चौकोन घ्यावयाचा. त्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, म्हणजे सुमारे पावणेतेरा इंच लांबीची, पहिली पट्टी सुलट ठेवावयाची. तिच्यावर दुसरी पट्टी पालथी घालून, दोहींच्या कडा जुळवून, काठापासून पाव इंच आत कागदासकट शिलाई मारावयाची. मग वरची पट्टी उलटवून नखाने दाबून बसवावयाची, आणि कोपरा झाकेपर्यंत याप्रमाणे दोन्ही अंगांनी पट्ट्या चढवीत जावयाच्या. शेवटी सारे पालथे करून कागदाच्या कडेने बाहेर आलेली टोके कापली, की इतका वेळ अस्ताव्यस्त दिसणाऱ्या त्या पसाऱ्यातून एकाएकी नीट चौकोन प्रकट होतो. टाके बारीक घालावेत, म्हणजे सुईच्या भोकांच्या रेघेवरून कागद पोस्टाच्या तिकिटासारखा अलगद फाटतो. आणि ज्या गावाजवळच्या छापखान्यात 1926 पासून देशाची तिकिटे छापली जात आहेत, त्या गावच्या माणसाला ही उपमा निराळी समजावून द्यावी लागत नाही. प्रत्येक चौकोनातील मधली तिरपी पट्टी मी माझ्या जुन्या पांढऱ्या धोतराची धरली होती. त्यामुळे चार चौकोन जोडले की मध्यभागी पांढऱ्या कडेची मोठी शंकरपाळी उमटे.

आयुष्यभर आधी रकाना आखून मग त्यात मजकूर भरण्याची सवय असलेल्या मला, आधी मजकूर भरून मागाहून रकाना कापण्याची ही उलटी रीत पचनी पडण्यास आठवडा लागला. तथापि दप्तराची खोड जाते कोठे? मी एक वही घातली, आणि तिच्या पहिल्याच पानावर नियम लिहिला की एक इंचापेक्षा कमी रुंदीचे कापड त्याज्य समजावे; कारण दोन्ही बाजूंची शिलाई वजा जाता त्याचे दर्शनी क्षेत्र अर्ध्या इंचाहूनही कमी उरते. कापडालाही मी प्रमाणभूत क्षेत्र लावून दिले होते.

एका रविवारी भाचीला पांडवलेणी दाखवावयास गेलो. तेथील दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. भिक्षुसंघासाठी त्याने 3000 कार्षापणांची कायम ठेव गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेवली. त्यांपैकी 2000 दरमहा शेकडा एक आणि 1000 दरमहा शेकडा पाऊण या दराने. आणि पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावासास राहणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यावेत असे ठरविले. मी जागच्या जागी हिशेब केला: महिना 20, वर्षाचे 240, भागिले 20, बरोबर 12. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या त्या अज्ञात हिशेबनिसाविषयी माझ्या मनात बंधुभाव दाटून आला. ते चीवरही अखंड वस्त्राचे नसे. कापड कापून, मगधातील बांध घातलेल्या शेतांच्या आकृतीवर ते तुकडे पुन्हा शिवावेत असा भिक्षूंच्या विनयनियमांचा दंडक होता. जमीन आणि कापड यांचे नाते जोडणारा मी काही पहिला नव्हे, हे पाहून थोडा संकोच आणि पुष्कळ आनंद झाला.

भाची परत गेली, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांत वेळच्या वेळी औषध पडावे म्हणून सिन्नर तालुक्यातून माझी मावशी आमच्याकडे महिनाभर राहावयास आली. तोवर माझे 12 चौकोन तयार होते. पण जोडावयास घेतले तर एकही कोपरा दुसऱ्याशी जुळेना. कोणाची कड पाव इंच वाढलेली, कोणाची पोटात फुगलेली. मावशीने एक चौकोन हातात घेतला, कडेने हलकेच ओढला आणि म्हणाली, ‘‘कागद कधी काढलास?’’

‘‘कापल्याबरोबर.’’

‘‘तिथंच चुकलास. कडेला सगळं उरेब, तिरपं कापलेलं कापड आलंय. उरेबाला धरबंद नसतो बाबा. त्याला धरून ठेवणारं काहीतरी लागतं. शेजाऱ्याशी शिवून होईपर्यंत कागद राहू द्यायचा होतास.’’

मावशीने जन्मात असा कागद वापरला नव्हता. तिची गोधडी म्हणजे जमिनीवर अंथरलेले जुने लुगडे, त्यावर धडुत्यांचे थर, वर दुसरे लुगडे, आणि काठापासून सुरू होऊन चौकोनात चौकोन असा आत आत मध्यापर्यंत येणारा धावदोरा. तिथे काही कापावयाचे नसते आणि म्हणून काही उरतही नाही. माझे 48 चौकोन अखेर 6 बाय 8 असे जोडून झाले, तेव्हा मी ते तिच्यापुढे पसरले. तिने तोंडभर कौतुक केले. मग तिची नजर यंत्राखालच्या केराकडे वळली. एक इंचाखालची कापडे आणि चौकोनांची कापलेली टोके तिथे साचली होती.

‘‘ह्यांचं काय करणार?’’

मी वहीतील नियम वाचून दाखविला. तिने तो शांतपणे ऐकून घेतला, पदर पसरला आणि बसल्या बसल्या ती सारी टोके पदरात वेचून घेतली. ‘‘वरती दिसायचं नाही ना त्यांना? मग आत बसतील.’’ लुगड्याच्या अस्तरावर तिने ती मुठीमुठीने भुरभुरली, त्यांवर माझी चौकोनांची चादर अंथरली, सुईत दोरा मात्र माझ्याकडून ओवून घेतला, आणि आम्ही दोघे समोरासमोरच्या काठांवर टाके घालीत दहा दिवसांनी मध्यभागी भेटलो.

मावशी गावी गेली त्याच आठवड्यात निफाडचा पारा उतरल्याची बातमी आली आणि नाशकातही कडाका पडला. रात्री गोधडी ओढून घेतली तेव्हा डाव्या खांद्यापाशी एक लहानसा उंचवटा हाताला लागला. मावशीची एखादी मूठ तिथे जरा सढळ पडली असावी. ऊब तिथेच सर्वांत अधिक होती. सकाळी उठून मी वही काढली, पहिल्या पानावरील नोंदीवर काट मारली आणि समासात तारीख घालून रीतसर सही केली.