निचरा

वाळवा तालुक्यातल्या शेतकऱ्याला गंज समजावून सांगायला रसायनशास्त्र लागत नाही, क्षारपड रान पुरेसं आहे. कृष्णा आणि वारणेच्या मधल्या काळ्या जमिनीत उसाला वर्षानुवर्षं पाटानं पाणी पाजलं गेलं, पण त्या पाण्याला निघून जायला वाट राहिली नाही. पाणी मुळांपर्यंत चढलं, उन्हानं उडून गेलं आणि मागे पांढरे क्षार फुलले. अशा रानात वरून कितीही खत टाका, ऊस पिवळाच राहतो. चर खणून, जमिनीखाली सच्छिद्र पाइप पुरून पाणी काढून द्यावं लागतं, तेव्हा कुठं माती पुन्हा श्वास घेते. इस्लामपूरच्या रस्त्यांवर धावणाऱ्या पंधरा-वीस वर्षांच्या मोटारींच्या पोटाखाली नेमकं हेच चाललेलं असतं. जुन्या गाडीचं मरण वयानं येत नाही, अडलेल्या पाण्यानं येतं. म्हणून तिचा निवाडा कागदावरचं साल पाहून करू नये, तिच्याखाली आडवं होऊन करावा.

दारावर आलेला तांबूस फोड डोळ्यांना खुपतो, पण त्यानं गाडीचं बळ कमी होत नाही. खरा घात दिसत नाही तिथं होतो. मारुती 800 असो की पूर्वी कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी, अशा मोटारींना जीपसारखी वेगळी चासी नसते. फरशी, दाराखालच्या पोकळ पेट्या, चाकांवरच्या कमानी आणि दारांमधले खांब असा दुमडून जोडलेला पत्राच तिथं हाडांचं काम करतो. त्या पेट्यांना खालून बारीक भोकं ठेवलेली असतात, आत शिरलेलं पाणी गळून जावं म्हणून. ऊसतोडीच्या दिवसांत रानातून डांबरीवर येणाऱ्या ट्रॅक्टरांची काळी माती रस्त्यावर पडते, पहिल्या पावसात तिचा चिखल होतो आणि तो चाकानं उडून नेमका त्या भोकांत बसतो. काळी माती पाणी सहजी सोडत नाही. बाहेरून गाडी वाळलेली दिसते तेव्हाही आतला पत्रा ओलाच असतो. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो, आणि मातीतल्या क्षारांनी ते काम आणखी लवकर होतं. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असतं. त्यामुळे तो नुसता खात नाही, फुगतो आणि दोन पत्र्यांमधला जोड पाचरीसारखा उकलून काढतो. वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीच्या, जुन्या जीपगाड्यांची गोष्ट जरा वेगळी. त्यांची फरशी चाळण झाली तरी चासी गाडी तोलून धरते, पण पाट्याचा हँगर चासीला जिथं जोडलेला असतो तिथं गंज लागला, तर प्रवाशांनी भरलेल्या गाडीचा भार त्या एका कुजक्या तुकड्यावर येतो.

अशा ठिकाणी लांबी भरून, वरून रंग मारून गाडी देखणी करून देण्याची रीत सगळीकडे आहे. मला ती अक्षम्य वाटते. लांबी भार घेत नाही. कुजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा चढवून टाके मारणंही तितकंच खोटं, कारण दोन पत्र्यांच्या फटीत ओल कोंडते आणि गंजाला अंधारात आयतं घर मिळतं. सीट बेल्टच्या पट्ट्याचा खालचा बोल्ट बहुतेक गाड्यांत याच भागात कसलेला असतो. पेठ नाक्यावरून महामार्गाला लागलेल्या गाडीला धडक बसली, तर माणसाला धरून ठेवणारा तो बोल्ट पापुद्र्यासारखा सुटून हातात येईल. हातोडीनं ठोकून ऐकावं, स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहावा. टणक आवाज आला तर पत्रा जिवंत आहे. टोक आत गेलं तर चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापायचं, त्याच जाडीचा नवा तुकडा बसवायचा आणि कडेनं पूर्ण वेल्डिंग करायचं. याला दुसरी वाट नाही.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा. गाडीच्या किमतीपेक्षा डेंटरची मजुरी जास्त होते, मग ती भंगारात का घालू नये? पण तुलना गाडीच्या बाजारभावाशी करणं चूक आहे, ती दुसरी गाडी घेण्याच्या खर्चाशी करायला हवी. इंजिन ठणठणीत असेल आणि गंज फरशीपुरता असेल, तर पत्राकाम स्वस्तच पडतं. शॉकअपच्या माथ्याखालचा पत्रा आणि दारांचे खांबही खाल्ले गेले असतील, तर मात्र जीव अडकवू नये, गाडी मोडीत काढावी. दुसरा आक्षेप असा, की वेल्डिंगनं मूळचं बळ परत येत नाही. अलीकडच्या गाड्यांतल्या जादा ताकदीच्या पोलादापुरतं हे खरं आहे, कारण उष्णतेनं त्याचा कस जातो. पद्मिनीच्या काळातला पत्रा साध्या पोलादाचा, तो वेल्डिंग चांगलं स्वीकारतो. तिसरा आक्षेप कायद्याचा. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांची, पुढे पासिंग करून पाच-पाच वर्षांनी वाढवायची. मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा होती, म्हणून 2003 मध्ये नोंदलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. सरकारला कुठंतरी रेघ ओढावीच लागते, हे मान्य. पण 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा पुराच्या पाण्यात उभी राहिलेली पाच वर्षांची गाडी कोरड्या छपराखाली जपलेल्या वीस वर्षांच्या गाडीपेक्षा आतून जास्त म्हातारी असू शकते. साल पाहणाऱ्या नियमाला हा फरक दिसत नाही.

काम काढायचं तर गळीत हंगाम संपल्यावर, चैत्र-वैशाखात. तेव्हा हवा कोरडी असते आणि पेट्यांच्या आतली ओल खरोखर उडालेली असते. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर सोडावी, पेट्रोलची नळी आणि गालिचा बाजूला घ्यावा. जोड घासून झाला की आतून-बाहेरून प्रायमर, मग पेटीत पातळ मेणाचं तेल सोडायचं, ते खालच्या भोकांतून ठिबकेपर्यंत. ठिबकलं म्हणजे भोकं मोकळी आहेत. मृग लागण्याआधी तीच भोकं तारेनं पुन्हा एकदा टोकरून घ्यायची, पाटाची वाट मोकळी करावी तशी.