नवव्या महिन्यातली तहान

कर्नाळ्याच्या अंगाने पाऊस उतरला की पनवेलच्या दवाखान्यांत काविळीची माणसं वाढतात. पाणीच गढूळ, कुणाला नवल वाटत नाही. गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तरी कुणीतरी कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता देतं. तो चुन्याच्या पाण्याने हात धुतो, परातीत पिवळं पाणी साचतं, "उतरली हो" म्हणत घरचे परततात. हाताला आंब्याच्या सालीचा रस लावलेला असला की चुन्याने पाणी पिवळं होतंच. यकृताला त्याची खबरही नसते.

मला भीती वाटते ती तिथे गेलेल्या तासांची. शेवटच्या तिमाहीत या पिवळेपणाआड कधी कधी एक दुर्मीळ आजार असतो. साधारण सात ते वीस हजार गरोदरपणांत एखाद्यात यकृताच्या पेशींत चरबीचे बारीक थेंब झपाट्याने भरतात. रक्तातली साखर घसरते, रक्त गोठेनासं होतं, मूत्रपिंडं थकतात. आणि सुरुवात किती साधी! मळमळ, उलट्या, पोटात वरच्या बाजूला दुखणं, काही जणींना न भागणारी तहान. कावीळ पुष्कळदा मागून येते. तोवर "दिवस भरत आलेत, व्हायचंच," असं आई, सासूबाई, शेजारीण, सगळ्याच मायेने म्हणत राहतात.

काही वेळा या आजाराचं मूळ पोटातल्या बाळात असतं, हे कळल्यावर मी कितीतरी वेळ गप्प बसले होते. आईबापांकडून एकेक सदोष जनुक आलेलं बाळ काही स्निग्धाम्लं जाळू शकत नाही. ते न जळलेलं ओझं वारेतून आईच्या रक्तात उतरतं, आणि त्या दोषाचा अर्धा वाटा स्वतः वागवणारं तिचं यकृत ते पेलता पेलता खचतं. यात तिच्या खाण्यापिण्याचा दोष नाही, कुणाच्या पायगुणाचा तर नाहीच. तिला कुणी बोल लावू नये.

१९४० साली शीहान नावाच्या डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन केलं, त्या काळी बहुतेक आया दगावत. आज तो वेळेत ओळखून लगेच बाळंतपण केलं तर बहुतेक वाचतात. प्रसूती हाच इलाज. पुढे यकृत बहुधा पूर्ववत होतं. बाळाची मात्र तपासणी करून घ्यावी, कारण असा दोष असलेल्या बाळाची साखर उपाशीपोटी धोकादायक घसरू शकते.

म्हणून नेऱ्याच्या, आपट्याच्या, मालडुंग्याच्या वाड्यांवरच्या बायांनो, शेवटच्या महिन्यांत उलट्या थांबत नसतील, तहान भागत नसेल, डोळे पिवळे दिसत असतील, तर उतरवणाऱ्याकडे जाऊ नका. १०८ ला फोन करा, त्याच दिवशी इस्पितळ गाठा आणि यकृताची, साखरेची, रक्त गोठण्याची तपासणी मागून घ्या.